हरणीचा कान

माझं अक्षर बघून कुणी वाचायचं सोडलं तर माझी तक्रार नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, आणि चौथीतही गुरुजी माझ्या पाटीकडे बघून म्हणायचे, कोंबडी चालून गेली काय गं हिच्यावरून. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे तेव्हा कळलं नाही, आता केस पिकल्यावर कळेल असं वाटत नाही. चुका असतील त्या माफ कराव्यात. माझ्या भावाची मुलगी सुमन पाटोद्याला कॉलेजात आहे. त्यांचा दिवाळीला अंक निघतो. ती म्हणाली, "आत्या, तू बिबट्याचं लिही, मी शुद्ध करून देते." मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. लिहून ठेवते. तिला दाखवायचं की नाही ते नंतर बघू. मला चार माणसांत बोलता येत नाही. लिहिताना समोर कुणी नसतं, तेवढं बरं आहे.

आमचं गाव पाटोद्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून आहे. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मुकादमाचा ट्रक येतो, त्यात माणसं, भांडी, पत्रे, कोंबड्या, लेकरं बसतात, आणि दारांना कुलपं लागतात. एखादी शेळी बरोबर जाते, बाकीच्या मागे राहतात. आम्हीही जायचो. मग मालक उसाच्या ट्रकवरून पडले आणि त्यांचा पाय कायमचा अधू झाला. मालक म्हणजे माझे यजमान. तेव्हापासून आम्ही मागे राहतो आणि गेलेल्यांच्या शेळ्या सांभाळतो. ते घरी बसून बोलतात, मी डोंगरात फिरून गप्प राहते. कामाची वाटणी अशी आहे.

या कामाची रीत सांगते. शेळी ज्याची त्याचीच राहते. दूध आणि लेंड्या माझ्या. माझ्याकडे असताना शेळी व्याली तर करडं निम्मी त्याची, निम्मी माझी. एकच करडू झालं तर ते मोठं करून विकायचं आणि पैसे वाटून घ्यायचे. आणि शेळी मेली तर कान दाखवायचा.

हे कानाचं बाहेरच्या माणसाला लवकर कळत नाही. शेळीवाला शंभर कोसांवर ऊस तोडत असतो. त्याची शेळी आजाराने मेली, वाघाने नेली की मीच बाजारात विकली, हे त्याला कसं कळणार? म्हणून प्रत्येक घर आपल्या शेळीच्या कानाला वेगळी चीर देतं. कुणाची सरळ, कुणाची तिरपी, कुणाचं टोक कापलेलं. शेळी मेली की मी तो कान कापते, मीठ चोळते, सावलीत वाळवते आणि आढ्याच्या दोरीला अडकवते. ऊसतोडीहून आल्यावर शेळीवाला येतो, आपली चीर ओळखतो, कान घेऊन जातो. मग माझ्यावर काही राहत नाही. नवा पाहुणा जेवताना वर बघतो आणि भाकरी जरा कमी खातो. आम्हाला सवय आहे.

आता फॉरेस्टचं वेगळं आहे. बिबट्याने शेळी मारली तर सरकार भरपाई देतं, पण त्यासाठी मेलेलं जनावर जागेवर जसंच्या तसं पाहिजे. हात लावायचा नाही, हलवायचं नाही. आमच्या भागाचे गार्ड साहेब भला माणूस. पहिल्या वेळेला ते पंचनाम्याला आले आणि म्हणाले, "बाई, हिचा एक कान कुठाय?"

मी पदरातून काढून दाखवला.

त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, पुरावा कापून पदरात कावून बांधला?"

मालकांनी नंतर त्यांना रीत समजावली, बराच वेळ समजावली. तेव्हापासून आमचं असं ठरलं आहे की आधी त्यांनी फोटो काढायचा, मग मी कान कापायचा. साहेब त्या वेळी दुसरीकडे बघतात.

बिबट्याबद्दल सगळे विचारतात ते असं, की दिसतो का? आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात. खरं सांगायचं तर तो फार कमी दिसतो. त्याचा कारभार कानाने आणि शेळ्यांच्या तोंडाकडे बघून कळतो. शेळी दिवसभर तोंड हलवत असते. ती खाते तरी, नाहीतर रवंथ तरी करते. सगळ्या शेळ्यांची तोंडं एकदम थांबली आणि सगळ्यांचे कान एकाच झुडपाकडे वळले, की त्या झुडपात काय आहे हे बघायला जायचं नसतं. एखादी शेळी पाय आपटते आणि नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढते. वानरं झाडावर असतील तर ती खोकल्यासारखं भुंकतात. टिटवी ओरडते, पण टिटवी सगळ्यावरच ओरडते, तिचं फार मनावर घेऊ नये.

कुणी नेलं हे मागे राहिलेल्यावरून कळतं. कुत्री मारतात ती मागून फाडून, आणि एकावर थांबत नाहीत. चार पाडतात, धड एक खात नाहीत. लांडगा उघड्या माळावर येतो, जोडीने. एक समोर दिसून माणसाला नादाला लावतो, दुसरा मागून काम करतो. बिबट्या एकटा येतो, गळा धरतो आणि दाबून ठेवतो, त्यामुळे आवाज होत नाही. नखं आत ओढलेली असतात, म्हणून धुळीत त्याच्या पावलाला नख उमटत नाही. कुत्र्याच्या पावलाला उमटतं. तो उघड्यावर बसून खात नाही, ओढून आडोशाला नेतो. खायच्या आधी केस उपटून टाकतो आणि कोथळा बाजूला काढतो. आमच्यातल्या कितीतरी जणांपेक्षा नीट जेवतो. पोट भरलं की पाला ओढून झाकून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो.

हिवाळ्यात गाव रिकामं झालं की तो खाली येतो. घरं बंद, चुली बंद, आणि मागे सोडलेली कुत्री उपाशी. कुत्रा त्याला शेळीपेक्षा सोपा. दरवर्षी ऊसतोडीहून लोक येतात तेव्हा गावात कुत्री कमी असतात. कुत्र्याचा कान कुणी मागत नाही.

मी त्याला एकदा नीट बघितलं. पाझर तलावाच्या भरावावर, दुपार कलताना. शेळ्या पाणी पिऊन पुढे गेल्या होत्या आणि मी हंडा भरायला मागे राहिले. मान वर केली तर समोरच्या काठावर तो बसलेला. उन्हात बसलेल्या मांजरासारखा, पाय समोर घेऊन. तो माझ्याकडे बघत होता. मी उठले नाही, तोही उठला नाही. मग त्याने जांभई दिली, पुढचे पाय लांब करून अंग ताणलं आणि करवंदीच्या जाळीत गेला. भीती वाटली का, असं सगळे विचारतात. भीती नंतर घरी आल्यावर वाटली. तिथे मला लाज वाटली. माझ्याकडे एवढा वेळ एकटक कुणी बघितलं नव्हतं. मी पदर डोक्यावर घेतला होता, हे मला घरी आल्यावर कळलं.

ही गोष्ट मालकांनी गावात सांगितली तेव्हा त्यात तो बिबट्या तलाव पोहून अलीकडे आला होता.

आता हरणीचं सांगते.

गयाबाई आमच्या शेजारची. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जातात. तिने स्वतःच्या मजुरीतून एक शेळी घेतली, तांबूस रंगाची, उंच पायांची. तिचं नाव हरणी. हरणीचं एक शिंग लहानपणी दगडात अडकून मोडलं होतं, ते अर्धंच राहिलं. गयाबाईने तिच्या गळ्यात लाल गोफात ओवून पितळी घंटी बांधली होती. जायच्या दिवशी ट्रक सुरू झाला तरी ती माझ्या दारात उभी होती.

"चंद्रे, बाकीच्या मेल्या तरी चालंल, हिला जप. ही मपली हाय. मालकाच्या पैशाची न्हाई, मपल्या पैशाची."

"जपते," मी म्हणाले.

"आन हिला काय झालं तर मपल्याशी गाठ हाय."

त्या हिवाळ्यात आमच्या डोंगरावर सीताफळीची झाडं पानं गाळून बसली होती. मी खालच्या उतरणीला चारत होते. दिवसाउजेडी. शेळ्यांची तोंडं थांबली. मी काठी उचलली आणि ओरडले. माझ्या ओरडण्याबद्दल मालक म्हणतात की त्याने कोंबडीसुद्धा खुराड्यातून उठत नाही. हरणी सगळ्यांच्या मागे, झुडपाच्या पलीकडे होती. घंटी एकदा जोरात वाजली. मग वाजली नाही.

बाकीच्या शेळ्या माझ्या पायात येऊन दाटल्या. त्यांना गोठ्यात कोंडून, गावातून दोघांना घेऊन मी परत आले. झुडपामागे रक्ताचे थेंब आणि ओढल्याची खूण होती. खूण पुढे खडकावर गेली आणि खडकावर संपली.

इथे माझं चुकलं. बिबट्या शिकार ओढून नेतो ती खाली, ओढ्यात, जिथे सावली आणि आडोसा आहे, हे मी इतकी वर्षं बघत आले होते. म्हणून आम्ही ओढा शोधला. खालचा ओढा, त्याच्या पुढचा, केटीचा बंधारा, करवंदीच्या जाळ्या. कावळे कुठे उतरतात ते बघितलं. काही सापडलं नाही. कान तर सोडाच, केसही नाही.

गार्ड साहेब बाहेरगावी होते. ते आले तेव्हा ओढल्याची खूणही राहिली नव्हती. त्यांनी खडकाभोवती बघितलं, धुळीत एक लहान पाऊल दाखवलं.

"हे पिल्लाचं हाय. मादीला पिलं झालीत. वर कड्याच्या कपारीत असतील. पिलं असली की ती शिकार तिकडं नेती. वर बघितलं का तुमी?"

"वर नेत न्हाई ती," मी म्हणाले. साहेबांना उलट बोललेलं माझं ते पहिलंच वाक्य, आणि ते चुकीचं निघालं.

"नेती बाई. पण आता वर जाऊ नका. पिलांची आई हाय, समोरून येईल. आन जनावर दिसल्याबिगर मला पंचनामा करता यायचा न्हाई."

म्हणजे फॉरेस्टला दाखवायला शेळी नाही आणि गयाबाईला दाखवायला कान नाही.

गयाबाईला कळवायला पाहिजे होतं. फोन घरात आहे, पण मला फोनवर बोलताना घाम सुटतो. त्या वेळी एक बाई तर रोज कारखान्यावरून व्हिडिओ फोन करायची आणि म्हणायची, मपल्या बोकडाचं तोंड दाव. मी फोन बोकडासमोर धरायची आणि स्वतः भिंतीआड उभी राहायची. तर गयाबाईला मालकांनी फोन केला. मी चुलीपाशी बसून ऐकत होते.

"वहिनी, वाघ कसला, रेडा हो, रेड्याएवढा! मी काठी टाकली त्याच्या टाळक्यात, तर काठीचे दोन तुकडे! मपल्या हातातून हिसकून नेली हरणी त्यानं!"

हरणी गेली त्या दिवशी मालक ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. त्यांचा हेतू चांगला होता. आपण फार धडपड केली असं तिला वाटावं, म्हणजे तिला बरं वाटेल. फोन ठेवून मला म्हणाले, "बघ, निस्तरलं."

मी तेव्हाच फोन घेऊन खरं ते सांगायला पाहिजे होतं. मी पिठाला पाणी घातलं.

कारखाना बंद होऊन लोक परत आले. गयाबाई ट्रकमधून उतरली ती घरी न जाता माझ्या दारात आली. डोक्यावर गाठोडं तसंच.

"कान."

"न्हाई घावला."

"न्हाई घावला म्हंजे?"

"वर नेली असंल. पिलंवाली होती. साहेब म्हणले..."

"तुपल्या नवऱ्याला तर लंगडत चार पावलं टाकता येत न्हाईत, आन त्यो वाघाला काठी हाणतो? रेड्याएवढा वाघ होता म्हणं. मग ह्यो कसा उरला? ह्याला कावून न्हाई खाल्लं?"

मालक खाटेवर होते. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"खरं सांग चंद्रे. कुणाला इकली?"

"न्हाई इकली गं, देवाशप्पथ."

"देवाचा कान घेऊन काय करू मी?"

ती पाटोद्याच्या बाजारात जाऊन रशीदभाईंना विचारून आली. रशीदभाई शेळ्यांचे व्यापारी, आमच्या डोंगरातली बहुतेक जनावरं त्यांच्याच हातून जातात. ते म्हणाले, "नै आपा, मोडक्या शिंगाची बकरी मी घेतलीच नै. ती चंद्राबाई तर भाव बी करत नै, मी बोलंल तो भाव घेती अन् जाती. ती काय चोरी करंल?" गयाबाई म्हणाली, "व्यापारीच तो. घेतली असली तर सांगंल व्हय?"

कान नसेल तर किंमत भरायची, हीसुद्धा रीतच आहे. माझ्या स्वतःच्या दोन शेळ्या होत्या. त्या विकल्या तेव्हा किंमत जुळली. विकायला रशीदभाईंकडेच गेले, दुसरं कोण आहे? तर गावातल्या कुणीतरी मला त्यांच्याशी बोलताना बघितलं, आणि झालं. बघा, म्हणाले, ओळख आहेच.

गयाबाईने पैसे घेतले. पैसे घेताना तिचं तोंड पैसे देणाऱ्यासारखं झालं होतं. तिला पैसे नको होते, शेळी पाहिजे होती. आणि मला तरी पैशाचं काय होतं? माझ्या दावणीला दुसऱ्याची जनावरं विश्वासावर बांधलेली असतात. विश्वास गेला की दावण रिकामी. त्या उन्हाळ्यात पाणवठ्यावर बायका माझ्याशी बोलायच्या, पण मी घागर उचलून वळले की थांबायच्या आणि मग परत बोलायला लागायच्या. येत्या वर्षी शेळ्या नेकनूरच्या बहिणीकडे ठेवीन, असं एकीने मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात सांगितलं.

मालकांनी त्या पावसाळ्यात एकही बिबट्याची गोष्ट सांगितली नाही. घरात इतकी शांतता मला सोसत नव्हती. एक दिवस मीच म्हणाले, "ते तलावाचं सांगा की." ते म्हणाले, "न्हाई, राहू दे. त्यो पोहला नव्हता."

दसऱ्याच्या सुमाराला डोंगरात सीताफळं डोळे उघडतात, म्हणजे फळाच्या खवल्यांमधल्या भेगा पांढऱ्या होतात. तेव्हा सगळं गाव वर जातं. टोपल्या भरून आणायच्या आणि पाटोद्याच्या रस्त्याला बसून विकायच्या. गार्ड साहेबांनी सांगितलं की मादी पिलं मोठी झाल्यावर त्या कपारीतून निघून गेली आहे, पलीकडच्या डोंगरात तिची पावलं दिसतात. तरी मी कड्याकडे गेले नाही. मला वाटलं, वर जाऊन काही सापडलं, तर लोक म्हणतील हिनेच ठेवलं होतं.

त्या आठवड्यात एका सकाळी मी भाकरी थापत होते. बाहेर घंटी वाजली.

दोन घंट्यांचा आवाज सारखा नसतो. पितळ, आतला लोळा, गोफाची लांबी, सगळ्याने फरक पडतो. मी पिठाच्या हातांनी तशीच उठून बाहेर गेले. क्षणभर मला खरंच वाटलं की हरणी आली.

अंगणात गयाबाई उभी होती. डोक्यावर सीताफळांची टोपली, हातापायाला काट्यांचे ओरखडे. एका हातात घंटी, तिला लाल गोफाचा कुजलेला तुकडा चिकटलेला. तिने दुसरा हात पुढे केला. त्यात मोडकं शिंग होतं.

"कड्याच्या वर, कपारीत," ती म्हणाली. "हाडं हायत लई. कुत्र्याची बी हायत. सीताफळीच्या मुळात ही घंटी अडकली होती. मी एकटीच होते."

मी पिठाचे हात पदराला पुसले.

"फेकून देता आली आस्ती," ती म्हणाली. "कुणी बघत नव्हतं. थोडा येळ बसले तिथं." मग तिने टोपली खाली ठेवली. "कान न्हाई घावला, चंद्रे. शिंग हाय. चालंल का?"

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम करता येत नसल्याने मी तिला म्हणाले, "भाकरी करपंल, आत ये."

आत आल्यावर ती मालकांना म्हणाली, "दाजी, रेड्याएवढा न्हवता त्यो. कपारीचं तोंड एवढुसं हाय."

"मादी होती वहिनी," मालक म्हणाले. "मादी जरा बारीक असती."

गयाबाईने ते शिंग माझ्या आढ्याच्या दोरीला स्वतः बांधलं. मी म्हटलं, घेऊन जा, तुझं आहे. ती म्हणाली, "ऊसतोडीहून आल्यावर नेईन. आल्यावर न्यायची रीत हाय." मग पाणवठ्यावर जाऊन तिने सगळ्यांना सांगितलं, तिच्या पद्धतीने, म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं. ज्या बाईने नेकनूरच्या बहिणीचं सांगितलं होतं ती संध्याकाळी आली आणि म्हणाली की बहिणीकडे चाराच नाही.

मी पैसे मागितले नव्हते. पण गयाबाईने सीताफळं विकली की दर बाजाराला थोडे आणून दिले. सुटे, चिल्लर, ओल्या नोटा, सीताफळाच्या वासाच्या. मी म्हणायची, राहू दे, सावकाश दे. ती म्हणायची, "तू गप बस. तुला गप बसता येतं की चांगलं."

दिवाळीनंतर मुकादमाने उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, वाटली आणि ट्रक आला. गयाबाईने आपल्या दोन नव्या शेळ्या माझ्या दावणीला बांधल्या. त्यातल्या एकीच्या गळ्यात तीच घंटी, नव्या गोफात. उरलेले पैसे तिने माझ्या हातात दिले आणि धावत जाऊन ट्रकमध्ये चढली. मी मोजले. मधली एक नोट फाटकी होती, चिकटपट्टी लावलेली. मी काही बोलणार नव्हते. पण मालक ओट्यावरून ओरडले, "वहिनी, एक फाटकी हाय!"

ट्रक वळणावर गेला होता. तो थांबला. गयाबाई खाली उतरली, पदर खोचून परत चालत आली, फाटकी नोट घेतली, दुसरी दिली, आणि मालकांकडे एकदा बघून गेली. पैसे पुरे झाले.